राहणी सांगणारे स्पॅनिश शब्द



पालघर तालुक्यांत, बोईसर-तारापूरच्या परिसरांत, सालवड नांवाचें एक गांव आहे. त्याच्या आसमंतांत आज औद्योगिक वसाहतीचे कारखाने आहेत; पलीकडे तारापूरला १९६९ सालीं सुरू झालेलें अणुवीज केंद्र आहे; आणि वारली, मांगेले, वाडवळ, भंडारी अशा ह्या भागांतील जुन्या रहिवाशांच्या शेजारीं दूरदूरच्या प्रांतांतून पोटासाठीं आलेल्या माणसांचीं बिऱ्हाडें आहेत. शेतावरचा दिवस, भरती-ओहोटीवर चालणारा दिवस आणि कारखान्याच्या पाळीवर चालणारा दिवस, असे तीन प्रकारचे दिवस एकाच पंचक्रोशींत उगवतात आणि मावळतात. आतां असें समजा कीं, ह्या पंचक्रोशींतील लोकांची जगण्याची तऱ्हा एखाद्या स्पॅनिश माणसाला त्याच्याच भाषेंत समजावून द्यावयाची आहे. शब्दकोश उघडला तर एका शब्दाऐवजीं पांच-सहा शब्द समोर उभे राहतात. त्यांतला कोणता घ्यावा?

प्रश्न वरवर पाहतां भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहींतला वाटेल. परंतु आपल्या ह्याच किनाऱ्यावर, तीन-चारशें वर्षांमागें, ह्याच शब्दांनीं माणसांचे निवाडे झालेले आहेत. एक शब्द वापरला म्हणजे एखादी चाल गांवाचा हक्क ठरे. दुसरा वापरला म्हणजे तीच चाल गुन्हा ठरे. आणि तिसरा वापरला म्हणजे ती माणसाच्या रक्तांतच आहे असें ठरे. म्हणून ह्या शब्दांचा इतिहास थोडक्यांत सांगून सालवडसाठीं कोणते शब्द योग्य, एवढें आज पाहावयाचें आहे.

स्पॅनिश भाषेचा आणि ह्या किनाऱ्याचा संबंध काय, असें कोणी विचारील. येथें राज्य केलें तें पोर्तुगीजांनीं. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथचा सुलतान बहादुरशहा ह्यानें तहानें वसई त्यांच्या हवालीं केली. १५५९ मध्यें त्यांनीं दमण घेतलें. आणि दमणपासून चौलपर्यंतच्या ह्या पट्टीला ते 'उत्तर प्रांत' म्हणूं लागले. तारापूरचा किल्ला ह्याच प्रांतांतला. १७३९ च्या जानेवारींत चिमाजीआप्पांच्या मोहिमेंत मराठ्यांनीं तो घेतला. त्या लढाईंत बाजी भिवराव रेठरेकर कामास आले. आणि मे महिन्यांत वसईही पडली. परंतु मध्यंतरीं, १५८० पासून १६४० पर्यंत, पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या राजाच्या मस्तकीं होता. दुसरा, तिसरा आणि चौथा फिलिप असे तीन राजे ओळीनें दोन्ही राज्यांचे धनी होते. अर्थात् साठ वर्षें तारापूरचा किल्लेदार ज्याच्या नांवानें अंमल करी तो स्पेनचाही राजा होता. कारभाराची भाषा मात्र पोर्तुगीजच राहिली, कारण तसें वचनच दुसऱ्या फिलिपनें १५८१ मध्यें पोर्तुगीजांना दिलें होतें. पण ह्या दोन भाषा सख्ख्या बहिणी आहेत, आणि ज्या शब्दांचा आपणांस विचार करावयाचा आहे ते दोघींच्या घरीं जवळजवळ एकाच रूपानें वावरतात.

दोनशें वर्षांच्या ह्या सहवासानें मराठीला पुष्कळ शब्द दिले. पाव, काजू, अननस, बटाटा, चावी, पगार, लिलाव, तुरुंग हे सारे त्याच वाटेनें आलेले पाहुणे आतां घरचे झाले आहेत. डहाणू-घोलवडच्या वाड्यांतला चिकू तर मूळचा मेक्सिकोकडचा. त्याच्या नांवामागें 'चिकोसापोते' हा स्पॅनिश शब्द आहे, आणि त्याच्याही मागें तेथील मूळच्या लोकांची नावात्ल भाषा आहे. परंतु ही यादी नीट पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. हीं सारीं वस्तूंचीं आणि व्यवहाराचीं नांवें आहेत. जगण्याच्या रीतीला नांव देणारा शब्द ह्यांत सांपडत नाहीं. रीत, चाल, वहिवाट, वळण, संसार हे आपले शब्द आपण आपलेच ठेवले. उलट त्यांना मात्र आपल्या जगण्याला नांव देणें भाग होतें. कारण ज्यांवर राज्य करावयाचें, कर बसवावयाचा, धर्मोपदेश करावयाचा, त्यांचे प्रकार पाडल्यावांचून राज्यकर्त्याचें चालत नाहीं.

त्यांनीं निवडलेला पहिला आणि सर्वांत दूरवर पोंचलेला शब्द म्हणजे 'कास्ता'. इबेरियांत हा शब्द बियाण्याची जात, घोड्यांची पैदास, माणसाचें कूळ अशा अर्थांनीं चालत असे. १६११ सालीं सेबास्तियान दे कोव्हारुव्हियास ह्यानें जो मोठा स्पॅनिश कोश छापला, त्यांत 'कास्ता' म्हणजे चांगलें, अस्सल कूळ असा अर्थ दिला असून घोड्यांच्या पैदाशीचाही दाखला दिला आहे. म्हणजे शब्द गोठ्यांतून आणि वंशावळींतून आलेला. त्याचा मूळ रोख रक्तावर. हा शब्द सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांनीं आपल्या समाजाला लावला. १५६३ मध्यें गोव्यांत छापलेल्या गार्सिया द ओर्ता ह्याच्या ग्रंथांत, येथें कोणी बापाचा धंदा सोडीत नाहीं आणि चांभार सारे एकाच कास्तेचे असतात, अशा आशयाचा उल्लेख आहे. १५६७ च्या गोव्यांतील धर्मपरिषदेनेंही येथील लोकांच्या उच्चनीच भेदांसाठीं हाच शब्द योजला. पुढें तो इंग्रजींत गेला, आणि एकोणिसाव्या शतकांत शिरगणतीच्या रकान्यांत बसून तो सबंध देशभर फिरला.

आतां ओर्ताचेंच वाक्य पाहा. तो सांगतो आहे धंद्याची गोष्ट, म्हणजे माणूस काय करून जगतो ती. आणि शब्द वापरतो आहे पैदाशीचा. मराठी गांवगाड्यांत ह्या गोष्टीसाठीं कितीतरी निरनिराळे शब्द होते. धंद्यानें ठरणारें तें बलुतें. जेवणाच्या नात्याचें तें पंगत. सोयरिकीचें तें बेटीव्यवहार. पूजेअर्चेचें तें कुळाचार. आणि निवाडा करणारी ती जातपंचायत. 'कास्ता' ह्या एका शब्दानें हीं सारीं अंगें एकाच गांठोड्यांत बांधलीं आणि गांठोड्यावर रक्ताची चिठ्ठी चिकटविली. ह्यावरून आपला 'जात' हा शब्द निर्दोष होता असें मात्र कोणी समजूं नये. तोही जन्मावरूनच आला आहे, आणि त्यानें माणसांवर केलेला अन्याय कोणा परक्याच्या कोशांतून आलेला नाहीं. पण रोग ओळखण्यासाठीं तरी त्याचें नांव नेमकें हवें. म्हणूनच श्री. व्यं. केतकर ह्यांनीं १९०९ च्या आपल्या ग्रंथांत आणि गो. स. घुर्ये ह्यांनीं १९३२ च्या ग्रंथांत ह्या शब्दाच्या परकेपणाची दखल घेतली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९१६ मध्यें कोलंबिया विद्यापीठांत वाचलेल्या निबंधांत, जातीचें मर्म जातींतल्या जातींत लग्न करण्यांत आहे, हें दाखवून दिलें. लग्नाचा हा निर्बंध माणसांनीं घातलेला आहे, म्हणून माणसांना तो मोडतां येतो. रक्ताची गोष्ट म्हटली कीं ती निसर्गाची होऊन बसते. शब्दाच्या निवडीनें एवढा फरक पडतो.

हाच शब्द दुसऱ्या महासागराच्या कांठीं काय झाला, तेंही पाहण्यासारखें आहे. मेक्सिकोंत स्पॅनिश लोकांनीं 'कास्ता' हें नांव दिलें तें मिश्र संततीच्या लोकांना. अठराव्या शतकांत तेथें 'कास्तांचीं चित्रें' म्हणून चित्रमाला काढीत: बाप एका वंशाचा, आई दुसऱ्या वंशाची, आणि मधें मूल, खालीं त्या मुलाला कोणतें नांव द्यावयाचें तें लिहिलेलें. म्हणजे भारतांत ज्या शब्दानें न मिसळणारे लोक दाखविले, त्याच शब्दानें अमेरिकेंत मिसळलेले लोक दाखविले. त्याच धातूचा 'कास्तीसो' हा शब्द घ्या. स्पेनमध्यें त्याचा अर्थ अस्सल. मेक्सिकोंत स्पॅनिश आणि मेस्तीसो ह्यांचें अपत्य. आणि पोर्तुगीज गोव्यांत, पोर्तुगीज आईबापांच्या पोटीं पण हिंदुस्थानांत जन्मलेलें मूल. तीन देशांत तीन अर्थ झाले. राहणीचें वर्णन करणाऱ्या शब्दाला इतकी चंचलता शोभत नाहीं. परंतु हा शब्द वर्णन करण्यासाठीं फारसा नव्हताच. कोणाला कोठें बसवावयाचें हें ठरविण्यासाठीं तो होता, आणि प्रत्येक ठिकाणीं राज्यकर्त्याची गरज निराळी होती.

ज्या ओर्तानें आपल्या लोकांना हा शब्द लावला, त्याची स्वतःची कहाणी ह्या शब्दाहून अधिक बोलकी आहे. त्याचे आईबाप १४९२ मध्यें स्पेनमधून हांकलून दिलेल्या यहुद्यांपैकीं. पोर्तुगालांत येऊन ते ख्रिस्ती झाले. मुलगा सालामांका आणि आल्काला ह्या स्पॅनिश विद्यापीठांत वैद्यक शिकला, १५३४ मध्यें हिंदुस्थानांत आला, नामांकित वैद्य झाला, आणि मुंबई बेटही त्याला खंडानें मिळालें. पण स्पेनमध्यें १४४९ सालापासून तोलेदो शहरानें असा नियम चालू केला होता कीं, बाटून ख्रिस्ती झालेल्यांच्या वंशजांना अधिकाराच्या जागा देऊं नयेत. ह्या तत्त्वाला पुढें 'रक्ताची शुद्धता' असें नांव पडलें. धर्म बदलला तरी कास्ता बदलत नाहीं, हा त्याचा अर्थ. १५६८ मध्यें ओर्ता वारला. दुसऱ्याच वर्षीं गोव्याच्या धर्मन्यायालयानें त्याची बहीण कातारिना हिला जाळलें, आणि १५८० मध्यें ओर्ताचीं हाडें उकरून काढून तींही जाळलीं. कास्ता म्हणजे काय हें त्या कुटुंबाला ग्रंथांतून शिकावें लागलें नाहीं.

ह्या खटल्यांत जो दुसरा शब्द पुढें येतो तो 'लेय'. आज ह्याचा अर्थ कायदा. परंतु त्या काळीं 'लेय' म्हणजे एखाद्या समाजाचा सबंध धर्माचार असे. ख्रिस्ताची लेय, मूरांची लेय, मोझेसची लेय असें म्हणत; 'रेलिहियोन' हा शब्द बव्हंशीं मठवासी पंथांकडे राखून ठेवलेला असे. आरोप असे तो 'मोझेसच्या लेयप्रमाणें जगतो' असा. आणि पुरावा? पुरावा राहणीचा. शनिवारीं धुतलेलें वस्त्र नेसणें, डुकराचें मांस टाळणें, अमक्या दिवशीं चूल न पेटविणें. म्हणजे स्वयंपाकघर आणि कपड्यांची दांडी हींच साक्षीदार. आपल्या 'धर्म' शब्दांतही आचार, कर्तव्य, नियम हें सारें एकत्र नांदतें, त्यामुळें 'लेय' हा त्याला जवळचा वाटतो. परंतु राहणीला 'लेय' म्हटलें कीं राहणींतली प्रत्येक बारीकसारीक गोष्ट श्रद्धेची खूण होते; आणि खूण झाली कीं तिच्यावर पहारा बसतो.

तिसरा शब्द 'कोस्तुंब्रे'. पोर्तुगीजांत 'कोस्तुमे'. ह्याचा अर्थ चाल, रिवाज, वहिवाट. हा शब्द मात्र आपल्या लोकांच्या उपयोगीं पडलेला आहे. १५२६ सालीं गोव्यांत आफोंसो मेशिया ह्या अधिकाऱ्यानें तेथील गांवकरांच्या हक्कांची एक सनद तयार केली. तिच्या नांवांतच 'गांवकरांचे रिवाज आणि चाली' असे शब्द आहेत. गांवच्या जमिनीवर समाईक हक्क कोणाचा, सारा कोणी कसा भरावा, मानपानाचा क्रम काय, वारसा कसा चालावा, हें सारें जुन्या वहिवाटीप्रमाणें त्यांत नोंदलें गेलें. राज्यकर्त्याचा हेतु सारा वसूल करण्याचा होता, परोपकाराचा नव्हे. तरीही ज्या क्षणीं त्यानें ह्या गोष्टींना 'कोस्तुमे' म्हटलें, त्या क्षणीं त्यांना कायद्यापुढें उभे राहण्यास जागा मिळाली. कारण चालत आलेल्या रिवाजाला युरोपीय कायद्यांत जुना मान होता. गांवकरीची ती व्यवस्था पुढें शेंकडों वर्षें गोव्यांत टिकून राहिली.

रिवाज म्हणावें कीं धर्मविधि म्हणावें, ह्यावर पुढें केवढा वाद झाला! मदुरेस १६०६ मध्यें गेलेला रोबेर्तो द नोबिली हा इटालियन जेसुइट म्हणे, जानवें, शेंडी आणि गंध हीं समाजांतील पदवीचीं चिन्हें होत. ती लोकांची चाल आहे, पूजा नव्हे. त्याचे पोर्तुगीज सोबती म्हणत, हा निखालस मूर्तिपूजकांचा विधि आहे. वाद रोमपर्यंत गेला, आणि १६२३ मध्यें पंधराव्या ग्रेगरी पोपनें, त्यांतील पूजेचा भाग वगळून, तीं चिन्हें धारण करण्यास परवानगी दिली. पण एका ठिकाणीं जी गोष्ट 'रिवाज' ठरली ती दुसऱ्या ठिकाणीं ठरलीच असें नाहीं. १७३६ च्या एप्रिलमध्यें गोव्याच्या धर्मन्यायालयानें एक लांबलचक मनाईपत्र काढलें. त्यांत ख्रिस्ती झालेल्यांनीं लग्नांत ओव्या म्हणूं नयेत, हळद लावूं नये, दाराशीं तुळस ठेवूं नये, एकादशीचा उपास करूं नये, मिठावांचून भात शिजवूं नये, पुरुषांनीं धोतर आणि स्त्रियांनीं चोळी वापरूं नये, अशा गोष्टी आहेत. सांगावयाची मौज अशी कीं, ह्या पोर्तुगीज मनाईपत्रांत 'ओव्या' ह्या शब्दाला पोर्तुगीज शब्द वापरलेला नाहीं. आपलाच शब्द 'वोव्हियो' असा लिहिला आहे. तसेंच पुडवें म्हणजे धोतर, आणि चोळी. ज्या राहणीला मोडावयाचें होतें तिचीं नांवें त्यांच्या कोशांत नव्हतीं, म्हणून तीं तिच्याच मुखांतून उसनीं घ्यावीं लागलीं. आणि परिणाम काय झाला म्हणाल, तर गोव्यांतील ख्रिस्ती लग्नांत नारळाच्या रसाचें न्हाण आणि त्या वेळच्या ओव्या अजून आहेत, आणि वसई-मुंबईकडील ख्रिस्ती घरांतून लग्नाच्या आदल्या दिवशीं उंबराचें पाणी आणण्याची चाल अजून ऐकूं येते. मनाई करणारें न्यायालय १८१२ मध्यें कायमचें बंद झालें.

आतां चौथा शब्द, 'विदा'. विदा म्हणजे आयुष्य, जीवन. जगण्याच्या तऱ्हेला स्पॅनिशमध्यें 'मोदो दे विदा' म्हणतात. परंतु आपल्या उत्तर प्रांतांत 'विदा' हें जमिनीच्या मुदतीचें माप होतें. पोर्तुगीज राजा गांवें खंडानें देई तीं पुष्कळदां 'तीन विदां'साठीं, म्हणजे तीन आयुष्यांसाठीं. पहिला धारक, मग त्याचा वारस, मग त्याचाही वारस. तिसरा मेला कीं गांव पुन्हा सरकारांत जमा, नाहीं तर नवा करार. अशा धारकानें तारापुराकडील खेड्याचें उत्पन्न खावें, आणि वेळप्रसंगीं घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीस उभें राहावें. ह्या मोजणींतलीं तीन आयुष्यें धारकाचीं. खाचरांत चिखल तुडविणाऱ्या कुळाचें आयुष्य त्यांत धरलेलें नव्हतें. तें कितव्यांदा संपलें ह्याची नोंद करण्याचें कोणास कारण पडलें नाहीं. 'विदा' हा शब्द सुंदर खरा, परंतु कोणाची विदा, हा प्रश्न त्याच्या मागोमाग विचारलाच पाहिजे.

पांचवा शब्द आजच्या सालवडला विशेष लागू पडणारा आहे. तो म्हणजे 'वेसीनो'. साध्या स्पॅनिशमध्यें ह्याचा अर्थ शेजारी. पण जुन्या कास्तिलियन गांवांत वेसीनो म्हणजे गांवांत घर करून राहिलेला, गांवाच्या पट्टीचा वांटा उचलणारा, आणि म्हणून गांवच्या कुरणावर व पाण्यावर हक्क असलेला माणूस. त्याच्या उलट 'फोरास्तेरो', म्हणजे बाहेरचा. विशेष हें कीं, बाहेरच्याला वेसीनो होण्याचा मार्ग मोकळा होता. गांवांत वस्ती केली, चूल मांडली, गांवाचें ओझें इतरांबरोबर वाहिलें, कीं तो वेसीनो होऊं शके. आपल्या मराठी मुलुखांतही अशीच जोडी होती: मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा हक्क वडिलोपार्जित; उपरी जमीन कसतो पण पाय रोवून नव्हे. उपऱ्याला मिरास विकत घेतां येई, पण ती पैशानें आणि कागदानें. नुसत्या शेजारानें नव्हे. आजही स्पेनच्या कायद्यांत नगरपालिकेच्या रहिवाशांच्या वहींत ज्याचें नांव आहे तो त्या गांवचा वेसीनो होय. त्याचा जन्म कोठें झाला ह्याची अट नाहीं. बोईसरच्या कारखान्यांत वीस वर्षें पाळी करणाऱ्या, मुलांना येथल्या शाळेंत घालणाऱ्या बिहारी कामगाराला स्पॅनिश पाहुण्यापुढें आपण कोणत्या शब्दानें पुढें करणार? फोरास्तेरो म्हणून कीं वेसीनो म्हणून? आणि ज्याच्या पाड्याभोंवतीं कारखाने वाढले त्या वारल्याला काय म्हणणार? तो तर मिरासदारांहूनही जुना. तरी त्याच्या पुष्कळ पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर कूळ म्हणूनच गेल्या. ह्या प्रश्नाचें उत्तर व्याकरणाच्या पुस्तकांत मिळणार नाहीं.

येथवर आपण नामें पाहिलीं. आतां एका क्रियापदाकडे वळूं. 'विविर' म्हणजे जगणें, राहणें. ह्या शब्दाचें आपल्याशीं नातें आहे. लॅटिनमधील 'विवेरे' आणि संस्कृतांतील 'जीव्' हीं भाषाशास्त्राप्रमाणें एकाच मुळाचीं रूपें होत. म्हणजे स्पॅनिश माणूस 'विविर' म्हणतो आणि आपण 'जीवन' म्हणतों, तेव्हां दोघे हजारों वर्षांपूर्वींच्या एकाच शब्दाचा उच्चार करीत असतों. शिवाय आपण जसें 'मी सालवडला राहतों' म्हणतों, तसेंच तोही वस्तीच्या अर्थानें 'विविर'च वापरतो. राहणें आणि जगणें ह्यांची जी सांगड आपल्या 'राहणी' ह्या शब्दांत आहे, तीच तेथें आहे.

विसाव्या आणि एकविसाव्या शतकांत स्पॅनिश भाषिकांनींच ह्या क्रियापदापासूनच्या दोन शब्दांना मोठा अर्थ दिला. स्पेनमधील यादवी युद्धानंतर परदेशीं राहिलेला इतिहासकार आमेरिको कास्त्रो ह्यानें १९४८ मध्यें ब्वेनोस आयरेस येथें स्पेनच्या इतिहासावर ग्रंथ छापला. ख्रिस्ती, मुसलमान आणि यहुदी हे तिघे शतकानुशतकें एकत्र राहिले आणि त्या एकत्र राहण्यांतून स्पॅनिश लोक घडले, असें त्याचें म्हणणें. ह्या एकत्र राहण्याला त्यानें 'कोन्विवेन्सिया', म्हणजे सहजीवन, हा शब्द योजला. त्यावर क्लौदियो सांचेस-आल्बोर्नोस ह्यानें १९५६ मध्यें प्रतिपक्षाचा मोठा ग्रंथ लिहिला आणि वाद अद्याप संपलेला नाहीं. कारण ते तिघे नेहमींच सुखानें राहिले असें कोणीच म्हणूं शकत नाहीं. पण शब्द टिकला. शेजाऱ्याशीं भांडूनही त्याच विहिरीवर पाणी भरावें लागतें, ही स्थिति सांगण्यास त्याहून नेमका शब्द नाहीं.

दुसरा शब्द दक्षिण अमेरिकेंतून आला. एक्वादोर देशानें २००८ मध्यें नवी राज्यघटना केली. तेथील मूळच्या लोकांच्या किचुआ भाषेंत 'सुमाक काव्साय' अशी एक कल्पना आहे: माणसानें माणसांशीं आणि भूमीशीं मेळ राखून भरलेपणानें जगावें. ती स्पॅनिशमध्यें आणतांना 'ब्वेना विदा', म्हणजे चांगलें जीवन, असें सहज म्हणतां आलें असतें. परंतु स्पॅनिश बोलीत 'ब्वेना विदा' म्हणजे ऐषाराम, खाणेंपिणें आणि आराम. म्हणून त्यांनीं नाम टाकून क्रियापद घेतलें आणि 'ब्वेन विविर', म्हणजे चांगलें जगणें, असें लिहिलें. आणि मूळचा किचुआ शब्दही घटनेंत शेजारीं ठेवला. बोलिव्हियानें २००९ च्या घटनेंत आयमारा भाषेंतील 'सुमा कामान्या'साठीं 'विविर ब्येन' हा प्रयोग केला. ज्या स्पॅनिश भाषेनें त्या लोकांना चारशें वर्षांपूर्वीं कास्तांत वांटलें, त्याच भाषेला आपल्या जगण्याचा शब्द शिकविण्याची पाळी ह्या वेळीं त्यांची होती.

ह्या सर्व इतिहासावरून सालवडच्या वर्णनासाठीं कांहीं साधे नियम हातीं लागतात. लोक काय करून जगतात तें सांगावयाचें असेल तर क्रियापद घ्यावें: अमके लोक मासेमारी करून जगतात, अमके पाळीवर जगतात. तेथें 'कास्ता' आणूं नये. जेथें जातीचा अन्यायच सांगावयाचा असेल तेथें मात्र तो शब्द टाळूं नये, आणि लग्नाचे व पंगतीचे निर्बंध उघड सांगावे, म्हणजे ऐकणाऱ्याला तो रक्ताचा धर्म न वाटतां माणसांनीं घातलेलें कुंपण वाटेल. सणवार, लग्नाची हळद, उंबऱ्याची पूजा हीं 'कोस्तुंब्रे' म्हणावीं. 'लेय' म्हणूं नयेत. 'राहणीमान' ह्यासाठीं 'निवेल दे विदा' हा प्रयोग आहे, पण तो पगार, घर आणि पाणी ह्यांची उंची मोजणारा आहे. वारल्यांचें लग्नाचें चौकचित्र त्यांत मावत नाहीं. पाडा, ओवी, बलुतें हे शब्द जसेच्या तसे ठेवावे आणि एक वाक्य खर्चून समजावून द्यावे. सत्तराशें छत्तीसच्या न्यायालयालाही तसेंच ठेवावे लागले होते. आपण तें प्रेमानें करूं. आणि गांवांत चूल मांडलेल्या प्रत्येकाला, तो पाड्यावरचा असो, किनाऱ्यावरचा असो कीं गंगेकांठचा असो, 'वेसीनो' म्हणावें.

हा शेवटचा शब्द स्पॅनिशमध्यें म्हणणें सोपें आहे. सालवडमध्यें तो मराठींत म्हणावयाचा झाला तर मागोमाग नळाचें पाणी, रेशनचा कागद आणि शाळेंतली जागा ह्यांचा हिशेब येतो. तेव्हां शब्द निवडतांना तो हिशेबही पुरा करण्याची तयारी ठेवली पाहिजे.